फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पगारी पीएचडी: जागा शोधण्यापासून सही करेपर्यंत

‘पीएचडीला ॲडमिशन घ्यायचीय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ॲडमिशन म्हटलं की डोळ्यांसमोर मेरिट लिस्ट, कटऑफ आणि कॅप राउंड येतात. आपल्या काही संस्थांत निम्मं काम तसं चालतंही. पण पैसे मिळणारी संशोधनाची जागा म्हणजे कुणाच्या तरी प्रश्नाला लागलेला पैसा. एखाद्या प्राध्यापिकेला ढगातले थेंब एकमेकांवर आदळून पावसाच्या थेंबाएवढे कसे होतात हे शोधायचंय. तिनं त्यासाठी अनुदान मिळवलंय आणि चार वर्षं त्या प्रश्नाला चिकटून बसणारा माणूस तिला हवाय. तुमचा अर्ज त्या खुर्चीसाठी असतो.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून मेकॅनिकल केलं. एवढी साधी गोष्ट कळायला मला दीड वर्ष आणि साठेक ईमेल लागले, बहुतेक बिनउत्तराचे. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. हातात साधारण वर्षभर आहे असं धरून चला.

पायरी १: विभाग नको, प्रश्न निवडा

मराठी विश्वकोशात या विषयाला ‘द्रायुयामिकी’ म्हटलंय. द्रव आणि वायू मिळून द्रायू. शब्द सुरेख आहे, वापरत कुणी नाही. पण विषय किती पसरलेला आहे ते त्यातून कळतं. विमानाच्या पंखावरची हवा एरोस्पेसमध्ये, नदीतला गाळ सिव्हिलमध्ये, बुडबुड्यांचे रिॲक्टर केमिकलमध्ये, रक्तप्रवाह बायोमेडिकलमध्ये, मान्सून वातावरणशास्त्रात आणि टर्ब्युलन्सचं, म्हणजे खळाळत्या बेशिस्त प्रवाहाचं, गणित कधी फिजिक्समध्ये, तर कधी मॅथ्समध्ये. म्हणून नुसतं ‘मेकॅनिकल डिपार्टमेंट’ शोधणारा आपल्या निम्म्याहून अधिक शक्यता स्वतःच बंद करतो.

महाराष्ट्र आणि गोव्यातच बघा. पवईच्या आयआयटीत मेकॅनिकलखाली ‘थर्मल अँड फ्लुइड्स’ ही स्वतंत्र शाखा आहे. एरोस्पेस, केमिकल, सिव्हिलमधले फ्लुइड्सवाले वेगळेच. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉलिमर आणि गुंतागुंतीच्या द्रवांवर काम चालतं. पाषाणच्याच आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) ढग आणि मान्सून. खडकवासल्याला १९१६ सालापासून चालू असलेलं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे धरणांच्या सांडव्यांची आणि बंदरांची प्रत्यक्ष मॉडेलं बांधून पाणी सोडलं जातं. ते पीएचडीच्या जागांसाठी प्रसिद्ध नाही, पण हायड्रॉलिक्स डोळ्यांनी बघायचं तर त्याच्यासारखी जागा नाही. माटुंग्याचं आयसीटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था म्हणजे पूर्वीचं यूडीसीटी, आणि गोव्यात दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि पुढे एनसीएलमध्ये पाण्यासारखे न वागणाऱ्या, पॉलिमर मिसळलेल्या द्रवांवर त्यांनी काम केलं. तेही फ्लुइड मेकॅनिक्सच, दारावरची पाटी तेवढी केमिकलची.

महाराष्ट्राबाहेर बंगळुरूमध्ये आयआयएससी, जेएनसीएएसआर आणि आयसीटीएस या संशोधन संस्था, चेन्नईला आयआयटी मद्रास, हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) केंद्र.

सरळ रस्त्यानं आलो नाही म्हणून कचरणाऱ्यांसाठी एक आठवण. आयआयएससीत बाउंडरी लेयरच्या, म्हणजे पृष्ठभागालगतच्या पातळ थराच्या, प्रयोगांची परंपरा रुजवणाऱ्या सतीश धवनांकडे गणित-भौतिकशास्त्राची बी.ए., इंग्रजी साहित्याची एम.ए. आणि मेकॅनिकलची पदवी अशी विचित्र मोळी होती. १९५१ मध्ये कॅलटेकमधून हान्स लीपमन यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. पृष्ठभागावरचं घर्षण थेट मोजणं हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

या पायरीचं काम असं: तीन प्रश्न मराठीत, एकेका वाक्यात, शेजारच्या काकूंना कळतील असे लिहून काढा. ‘सीएफडीमध्ये इंटरेस्ट आहे’ हा प्रश्न नव्हे. सीएफडी म्हणजे कंप्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, संगणकावर प्रवाह सोडवणं. ते अवजाराचं नाव झालं. सुतारकाम शिकायला आलेल्यानं ‘मला रंधा आवडतो’ म्हणावं, तसं. ‘पाण्याचा थेंब तापलेल्या तव्यावर तरंगत का राहतो आणि किती वेळ’ हा प्रश्न झाला.

पायरी २: एक छोटं काम शेवटपर्यंत करा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बी.ई.च्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट कसे होतात, आपल्याला माहीत आहे. हीट एक्सचेंजर, ॲन्सिस फ्लुएंट, के-एप्सिलॉन मॉडेल, लाल-निळी चित्रं आणि शेवटी ‘१२ टक्के सुधारणा’. फ्लुइड्सवाले स्वतःच सीएफडीला गमतीनं ‘कलरफुल फ्लुइड डायनॅमिक्स’ म्हणतात ते याचसाठी. निवड करणाऱ्यानं अशी चित्रं हजारदा पाहिलेली असतात. त्याला हवा असतो एक पुरावा: या माणसाला आपलं उत्तर बरोबर आहे की चूक, हे ठरवता येतं का?

तो पुरावा फुकटात तयार करता येतो. तीन वाटा सांगतो. एकच निवडा.

पहिली वाट चौकोनी डब्याची. डबा द्रवानं भरलाय, वरचं झाकण एका दिशेनं सरकतंय, आत भोवरा तयार होतो. याला लिड-ड्रिव्हन कॅव्हिटी म्हणतात. घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ साली रेनॉल्ड्स आकडा (वेग गुणिले आकार, भागिले द्रवाचा चिकटपणा) १०० पासून १०,००० पर्यंत घेऊन आलेली उत्तरं तक्त्यात छापली आणि आजही नवा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, लिहिणारा तिथेच जाऊन पडताळणी करतो. पायथनमध्ये, सी प्लस प्लसमध्ये, कशातही स्वतःचा सॉल्व्हर लिहा. रेनॉल्ड्स १०० ला उभ्या मध्यरेषेवर उलट दिशेचा सर्वाधिक वेग झाकणाच्या वेगाच्या सुमारे ०.२१ पट यायला हवा. तुमचा ०.१७ आला तर मजा सुरू झाली. जाळी ३२ बाय ३२, मग ६४, मग १२८ करा. चूक किती वेगानं कमी होते ते लॉग-लॉग आलेखावर काढा. आलेखाचा उतार २ च्या जवळ आला, तर तुमची पद्धत खरोखर दुसऱ्या क्रमाची आहे (जाळीतलं अंतर निम्मं केलं की चूक चौथाई) हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरी वाट ओपनफोम या फुकट सॉफ्टवेअरची. त्यात गोल दांड्याभोवतीचा प्रवाह घ्या. रेनॉल्ड्स ४७ च्या आसपास मागचा शांत प्रवाह डळमळतो आणि भोवरे आळीपाळीनं सुटायला लागतात. रेनॉल्ड्स १०० ला त्यांची लय, म्हणजे स्ट्रूहाल आकडा, ०.१६ ते ०.१७ येतो. तुमचा जास्त आला तर बाजूच्या भिंती फार जवळ घेतल्या का ते तपासा. भिंती दूर नेत नेत आकडा कसा खाली उतरतो ते दाखवणारा एक आलेख दहा रंगीत चित्रांना भारी पडतो.

तिसरी वाट स्वयंपाकघरातली, आणि मला सगळ्यात आवडणारी. परातीत पाणी, वर चिमूटभर टाल्कम पावडर, ८ मिलिमीटर जाडीचा पेन उभा धरून सेकंदाला २ सेंटिमीटरनं सरकवायचा. रेनॉल्ड्स आकडा १६० च्या घरात येतो. वरून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, शेजारी पट्टी ठेवा. ओपनपीआयव्ही हे फुकट साधन दोन चित्रांतल्या कणांच्या सरकण्यावरून वेग काढून देतं. पावडर जास्त पडली की पाण्याचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा ताठर वागायला लागतो आणि आकडे बिघडतात. ही चूक दडवू नका, लिहून ठेवा. पुढे मुलाखतीत माझी पंधरा मिनिटं अशाच एका बिघाडावर गेली आणि ती पंधरा मिनिटंच चांगली गेली.

जे केलं त्याचा चार पानी अहवाल लिहा आणि कोड गिटहबवर टाका. अहवालात ‘काय जमलं नाही’ असा एक परिच्छेद हवाच. याला सहा ते आठ आठवडे लागतात. नोकरी करत असाल तर दुप्पट.

पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलमधला पेपर मात्र सीव्हीवर घालू नका. तुमच्या कॉलेजात त्याला मान असेल, पण बाहेर तो पेपर तुमच्या विरोधात साक्ष देतो.

पायरी ३: पैसा कुणाचा, ते समजून घ्या

देश बदलला की ‘फंडेड’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

भारतात मुख्य वाट शिष्यवृत्तीची. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर) ४२,००० रुपये, वर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. आयआयटीत याच्या बदल्यात आठवड्याला आठ तास शिकवण्याची मदत करावी लागते. लॅब घेणं, पेपर तपासणं, ट्युटोरियल. पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, मूळ योजनेत दरमहा ७०,००० रुपयांपासून सुरू होऊन शेवटच्या दोन वर्षांत ८०,००० पर्यंत जायची आणि वर वर्षाला २ लाखांचं संशोधन अनुदान. तिच्या अटी बदलत आल्या आहेत, म्हणून चालू वर्षाची जाहिरात वाचूनच पुढे जा.

आत शिरण्याची किल्ली बहुतेकांसाठी गेट ही राष्ट्रीय परीक्षा. गुण तीन वर्षं चालतात. इथे एक गोष्ट मेकॅनिकलवाल्यांना फारशी कुणी सांगत नाही: गेटच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) या पेपरात फ्लुइड मेकॅनिक्स हा स्वतंत्र भाग आहे. इंजिनिअरिंग मॅथ्स सक्तीचं आणि बाकीच्या भागांतले दोन निवडायचे, प्रत्येकी ३५ गुणांचे. मशीन डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंगचा कंटाळा असेल तर फ्लुइड्स आणि थर्मोडायनॅमिक्स ही जोडी बघा. अर्थात ज्या विभागात अर्ज करायचाय तो एक्सई मान्य करतो का, ते आधी तपासा. गणित-भौतिकशास्त्रातून येणाऱ्यांसाठी नेट-जेआरएफ आणि काही संस्थांसाठी जेस्ट या परीक्षा. आयआयएससीसारख्या ठिकाणी बी.ई.वरून थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. एम.टेक. केलंच पाहिजे असं नाही.

पवईतली आयआयटीबी-मोनॅश अकादमी ही वेगळी सोय आहे. पदवी दोन्ही विद्यापीठांची मिळून मिळते आणि काही काळ मेलबर्नला राहता येतं. राज्यातल्या विद्यापीठांत पीएचडीला नोंदणी केलेल्यांसाठी सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांची जाहिरात आणि जागा दर वर्षी वेगळ्या, पण नोंदणीचा पुरावा लागतोच. भारतात फेलोशिपचे पैसे दोन-तीन महिने अडकणं नवीन नाही, तेवढा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हा.

नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पीएचडी करणारा नोकरदार असतो. पगार, रजा, पेन्शन सगळं. नेदरलँड्समध्ये करार बहुधा चार वर्षांचा, पहिल्या वर्षी महिन्याला कर कापण्याआधी सुमारे ३,००० युरो आणि तो दर वर्षी वाढतो. फी नाही. डेल्फ्ट, आइंडहोवन, ट्वेंटे इथल्या फ्लुइड्सच्या गटांना बांधणारी जे. एम. बर्गर्स सेंटर नावाची एक संशोधन शाळाच आहे. हो, बर्गर्स समीकरणातलेच बर्गर्स, ते डेल्फ्टला प्राध्यापक होते. डच माणसांचं पाण्याशी नातं काय, हे समुद्रसपाटीखाली मोठा भाग असलेला त्यांचा देश बघितला की समजतं.

जर्मनीत सरकारी वेतनश्रेणी ई-१३ असते, पण ती किती टक्के, ते बघा. अभियांत्रिकीत बहुधा पूर्ण जागा मिळते. गणित-भौतिकशास्त्रात अनेकदा अर्धी ते पाऊण. अर्ध्या पगारात पूर्ण काम हा तिथला जुना रिवाज. म्हणून जाहिरातीत ‘ई-१३’ बघून हुरळू नका, त्याच्या पुढचा टक्का वाचा.

युरोपातल्या अशा जागांना बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं. अमेरिकेत बी.ई. चालतं, कारण तिथली पीएचडी पाचेक वर्षांची आणि पहिली दोन वर्षं कोर्सवर्कची. तिथे पैसा टीएशिप (शिकवण्यात मदत) किंवा आरएशिपमधून (संशोधनात मदत) येतो, फी माफ होते. ऑफर नऊ महिन्यांची की बारा महिन्यांची, हे मात्र विचारून घ्या. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत घरभाडं थांबत नाही. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी १०० डॉलरच्या आसपास, म्हणजे आठ विद्यापीठांचे सत्तर-ऐंशी हजार रुपये उडाले. फी माफीसाठी विचारायला लाजू नका. आणि एक खास आपल्या विषयाचं: हायपरसॉनिक, जेट इंजिन, पाणबुडी असल्या संरक्षण खात्याच्या पैशांवरच्या प्रकल्पांत परदेशी विद्यार्थ्याला अनेकदा घेताच येत नाही. गट कितीही आवडला तरी पैसा तिथून येत असेल तर दुसरा प्रकल्प विचारा.

ब्रिटनमध्ये सरकारी स्टायपेंडचा किमान दर २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड. २०२१ पासून या जागा परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत, पण एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंतच, आणि परदेशी फीमधला फरक कोण भरणार हा प्रश्न उरतोच. लीड्सला फक्त फ्लुइड डायनॅमिक्सचं डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर आहे. भारतीयांना ब्रिटनमध्ये अशा विषयांसाठी एटास नावाची सुरक्षा मंजुरी व्हिसाच्या आधी घ्यावी लागते. तिला काही आठवडे जातात, तेव्हा ऑफर आल्या दिवशीच कामाला लागा.

युरोपियन युनियनची मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स पगाराला चांगली. अट अशी की रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जर्मनीत मास्टर्स करणाऱ्याला जर्मनीतली मारी क्युरी जागा बहुधा बंद, फ्रान्समधली उघडी. भारतातून थेट जाणाऱ्याला सगळेच देश उघडे. याचा फायदा आपली मुलं फार कमी घेतात.

पायरी ४: गट शोधा

रँकिंगच्या याद्या बाजूला ठेवा. पायरी १ मधल्या तुमच्या प्रश्नावरचे अलीकडचे दहा पेपर शोधा. जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स १९५६ साली जॉर्ज बॅचलर या शास्त्रज्ञानं सुरू केलं, तिथून सुरुवात करा. अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फ्लुइड डायनॅमिक्सचा वेगळा विभाग आहे, तिथे सगळं फुकट वाचायला मिळतं. पेपरातल्या लेखकांच्या नावांत पहिलं नाव बहुधा विद्यार्थ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं. शेवटी आभारात कुणी पैसे दिले ते छापलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. अनुदान गेल्या वर्षी सुरू झालं असेल तर तिथे जागा निघण्याची शक्यता आहे, पाच वर्षांपूर्वीचं असेल तर संपत आलं.

एका वहीत किंवा शीटवर पंचवीस गट लिहा: नाव, प्रश्न, प्रयोग की गणना, पैशाचा स्रोत, शेवटची तारीख, ईमेल कधी पाठवला. डच जागा अकॅडेमिक ट्रान्स्फरवर, युरोपातल्या युराक्सेसवर येतात. या वर्षभर निघत राहतात. अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. गेटचा फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटी मुंबईची पीएचडी भरती वर्षातून दोनदा होते.

पायरी ५: ईमेल

‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब.’ मीही पन्नास जणांना हेच पाठवलं होतं. एकदा तर एका बाईंना पाठवताना आधीच्या प्राध्यापकांचं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये तसंच राहून गेलं. त्या बाईंनी उत्तर दिलं, तेही एका ओळीचं: नाव चुकलंय.

चांगला ईमेल दीडशे ते दोनशे शब्दांचा. विषयाच्या ओळीत ‘पीएचडी’, प्रश्न आणि कधीपासून. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण. मग त्यांच्या एका पेपराबद्दल एक खरी गोष्ट. स्तुती नको, निरीक्षण किंवा शंका हवी. ‘तुमच्या पेपरात थेंब गोलच धरलेत, पण मोठा थेंब पडताना चपटा होतो, तेव्हा निकाल किती बदलेल?’ इतकं पुरतं. शंका बाळबोध असली तरी हरकत नाही, पेपर उघडल्याचं तरी कळतं. मग तुमचं चार पानी काम, एका वाक्यात आकड्यासकट आणि दुव्यासह. शेवटी थेट विचारा: येत्या वर्षात अनुदानित जागा आहे का? सोबत दोन पानी सीव्ही आणि गुणपत्रक, एकाच पीडीएफमध्ये. दहावीची टक्केवारी, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि जन्मतारीख काढून टाका.

दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा. त्यानंतर गप्प. आठवड्याला चारच ईमेल, पण प्रत्येकामागे दोन तासांचं वाचन. माझे पन्नास ईमेल एका उत्तरावर संपले होते. पुढच्या बारांना चार उत्तरं आली आणि त्यातली दोन मुलाखतीपर्यंत गेली.

जाहिरात निघालेल्या जागेसाठी मात्र पोर्टलवरच अर्ज करा. भारतात ईमेलनं ओळख होते, जागा मिळत नाही. ती विभागाच्या लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत ठरते.

कुठूनच काही जुळलं नाही तर एक मधला रस्ता आहे: आयआयटी, एनसीएल, आयआयएससी इथे प्रकल्पावर जेआरएफ किंवा प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून वर्षभर काम. जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर सतत येतात. घरचे ‘कंत्राटी नोकरी’ म्हणून नाक मुरडतील. मुरडू द्या. तिथल्या सरांचं एक शिफारसपत्र कॉलेजच्या तीन पत्रांएवढं वजनदार असतं.

पायरी ६: कागद

शिफारसपत्रं तीन. आपल्याकडची रीत: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तीन पत्रं एकाच हातानं लिहिलेली असली की वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं. सर लिहायला तयार नसतील तर निदान मुद्द्यांचा कागद द्या: कोणता कोर्स, काय केलं, कुठे अडकलो, कसा सुटलो. वाक्यं त्यांची राहू द्या. पत्र संस्थेच्या ईमेलवरून जाऊ द्या, जीमेलवरून नको. प्राचार्यांपेक्षा तुमचा प्रोजेक्ट रोज बघणारे तरुण सर बरे.

ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात तीन महिने आधी अर्ज टाका. खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य किमान दोनदा ऐकायचंय असं गृहीत धरा. दहापैकी तुमचा सीजीपीए कितपत चांगला हे बाहेरच्यांना कळावं म्हणून वर्गातला क्रमांक आणि वर्गाची संख्या लिहा. ६५ टक्क्यांना आपल्या विद्यापीठात पहिला वर्ग म्हणतात, हे डेल्फ्टमधल्या माणसाला आपसूक कळत नाही.

पायरी ७: मुलाखत

भारतात फळ्यावर, बाहेर झूमवर. दोन्हीकडे मूलभूतच विचारतात. अवघड गणितापेक्षा अंदाज बांधता येतो का ते बघतात. मला विचारलेला प्रश्न: ढगातला १० मायक्रॉन त्रिज्येचा थेंब किती वेगानं पडतो? स्टोक्सचा नियम (संथ पडणाऱ्या लहान गोळ्याला होणाऱ्या विरोधाचा) लावला की सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. लगेच पुढचा प्रश्न: स्टोक्स इथे चालतो हे कशावरून? रेनॉल्ड्स आकडा काढा, ०.०२ च्या आत येतो, म्हणून चालतो. मग: ढग खाली का पडत नाही? तिथून गप्पा सुरू होतात.

तयारी अशी करा. नेव्हियर-स्टोक्स या प्रवाहाच्या मूळ समीकरणातलं प्रत्येक पद शब्दांत सांगता यायला हवं. समीकरण परिमाणरहित करून दाखवता यायला हवं. दाब उलट वाढायला लागला की बाउंडरी लेयर पृष्ठभाग का सोडते, हे हातवारे करून सांगता यायला हवं. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूची बाउंडरी लेयर टर्ब्युलंट करते, ती उशिरा सुटते आणि चेंडू वळतो, हे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. वापरा. रेनॉल्ड्सनं १८८३ साली मँचेस्टरला नळीत रंगाची रेघ सोडून काय पाहिलं आणि नळीतला प्रवाह टर्ब्युलंट होण्यासाठी सांगितला जाणारा ‘२०००’ हा रेनॉल्ड्स आकडा दगडावरची रेघ का नाही, याचाही विचार करून ठेवा.

स्वतःच्या कामावर सर्वात कडक प्रश्न येतो तो हा: ‘यातली चूक किती टक्के, आणि ती कुठून आली?’ पायरी २ नीट केली असेल तर इथे तुम्ही हसाल. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, पण असं शोधेन’ म्हणा आणि खरंच शोधायला लागा. आपल्याला लहानपणापासून चुकीचं का होईना, पण उत्तर द्यायची सवय लावलेली आहे. ती त्या दिवशी घरी ठेवा.

पायरी ८: सही करण्याआधी

ऑफर आली की पेढे वाटा, पण सही दोन दिवसांनी करा. मार्गदर्शकाला तीन गोष्टी विचारायच्या: पैसा किती वर्षांसाठी पक्का आहे, तो संपला तर काय, आणि परिषदेला जायचा खर्च कोण करतं. यात उद्धटपणा नाही, तिकडे हे अपेक्षितच असतं. मग त्यांच्या सध्याच्या एका विद्यार्थ्याशी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या एकाशी फोनवर बोला, ईमेलवर नको. लिहून कुणी खरं सांगत नाही. शेवटचे तीन विद्यार्थी किती वर्षांत सुटले, मधेच कोण सोडून गेलं, रविवारी लॅबमध्ये यावं लागतं का. ‘सर तसे चांगले आहेत’ यातला ‘तसे’ नीट ऐका. माझ्या एका मित्रानं तो ऐकला नाही. त्यानं तिसऱ्या वर्षी गट बदलला आणि पहिल्या प्रश्नावरचं सगळं काम तिथेच राहिलं.

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर चालतं, त्याआधी घाई करायला लावणाऱ्याला ही तारीख सांगा. युरोपातल्या ऑफरला मुदत कमी असते, कधी आठवडाभर. हातात दुसरी मुलाखत असेल तर तसं कळवून चार दिवस वाढवून मागता येतात.

नेदरलँड्सला जात असाल तर पगारापेक्षा घर मिळणं कठीण. रुजू व्हायच्या तीन महिने आधीपासून विद्यापीठाच्या हाउसिंग ऑफिसच्या मागे लागा आणि न बघितलेल्या घराचं डिपॉझिट कुणाला पाठवू नका. पहिला पगार महिनाअखेरीस येतो, तोवर भाडं आणि डिपॉझिट खिशातून जातं. तेवढे युरो बरोबर हवेत.

सही केली त्याच दिवशी बाकीच्या गटांना ‘दुसरीकडे जातोय’ असं दोन ओळींत कळवा. तुमच्या मागे कुणीतरी वेटिंगवर बसलेलं असतं. आणि शिफारसपत्र देणाऱ्या तिन्ही सरांना फोन करा. पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजातली एखादी मुलगी त्यांच्याकडे असंच पत्र मागायला जाईल, तेव्हा त्यांना नुसतं ‘तूच लिहून आण’ म्हणवणार नाही.